दोन खिडक्यांतल्या गोळ्या

"आक्का, माझ्या डब्यात विष होतं म्हणे," डबे पोचवणारी बाई दारातूनच म्हणाली आणि रडायला लागली.

तिचं एक गिऱ्हाईक, पाट्या रंगवणारे एकटे आजोबा, सकाळी रक्ताची उलटी होऊन इस्पितळात गेले होते. जीव वाचला होता, पण मुलगा पोलिसांत जायच्या गोष्टी करत होता. तसं झालं तर बाईचे डबे बंद आणि घरची चूलही बंद.

खासगी तपास करणाऱ्या आक्का चपला चढवून निघाल्या. मागोमाग त्यांचे मदतनीस बापू. हे गृहस्थ नेहमी एक पाऊल मागे, डोक्यानंही.

आजोबांची खोली नीटनेटकी आणि अगदी गप्प. ओट्यावर कालचा डबा भरलेलाच. स्वयंपाकघराच्या खिडकीत गोळ्यांची पट्टी, तिच्या पाकिटावर कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा शिक्का. पलंगाजवळच्या खिडकीत दुसरी पट्टी, तिच्यावर बाजारातल्या दवाखान्याचा. खुंटीवर इस्त्रीचा शर्ट.

मुलगा तावातावानं सांगत होता, खांदा दुखण्यापलीकडे बाबांना काही नव्हतं. शेवटचे कधी भेटलात, म्हटल्यावर मात्र घसा खाकरत बसला. बाईच्या म्हणण्याप्रमाणे डबा आठवडाभर जवळपास तसाच परत येत होता, पोटात जळजळतं म्हणायचे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स हसली. आजोबा नटूनथटून सगळ्यांच्या आधी येतात आणि शेवटी जातात, म्हणाली.

"मुलानंच काहीतरी घातलं," बापू कुजबुजले. आक्कांनी लक्षच दिलं नाही.

संध्याकाळी आजोबांच्या कॉटभोवती सगळे जमले.

"विष डब्यात असतं, तर आधी डबा खायला हवा होता," आक्का म्हणाल्या. "तो भरलेलाच आहे. आता या पट्ट्या बघा. पुढं नावं वेगळी, पण मागची बारीक अक्षरं वाचा. औषध एकच, सूज आणि दुखणं कमी करणारं. एका डॉक्टरांना दुसऱ्यांचा पत्ता नाही. म्हणजे दुप्पट गोळ्या, त्याही उपाशीपोटी. पोटात आतून जखम झाली आणि रक्त वाहायला लागलं."

"पण एका खांद्याला दोन डॉक्टर कशाला?" बापूंनी विचारलं.

आजोबा छताकडे बघत होते. "सकाळचे डॉक्टर 'काय म्हणताय?' विचारतात. तेवढ्यावर दुपारपर्यंत निभतं," ते म्हणाले. "संध्याकाळ फार लांब असते हो."



"आता एकाच दवाखान्यात जायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकाच. आणि घेता त्या सगळ्या गोळ्या तिथं दाखवायच्या."

आजोबांचं तोंड उतरलं.

"घरी आलात की संध्याकाळचा डबा ठेवून जाणार नाही मी," बाई म्हणाली. "तुमचं जेवण होईपर्यंत बसेन."

मुलानं तिची माफी मागितली. मग खुर्ची ओढून तो वडिलांजवळ बसला.