दिस बुडायच्या आत

ही गोष्ट खरी आहे. जन्मभर मी वर्तमानपत्रात थट्टेचं सदर लिहिलं, त्यामुळे माझ्या तोंडचं खरं कुणाला पचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

अडचण एवढीच, की यात अमावास्या नाही. मध्यरात्रही नाही.

लख्ख दुपार आहे. गेल्या मे महिन्यातली. बुडापेस्टहून व्हिएन्नाला जाणारी रेल्वे.

मी सातारचा माणूस, तिथं कशाला जातोय. गेले होते माझे दाजी, श्रेणिकदाजी. सांगलीचे. कुपवाडला त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. माझी थोरली बहीण चंदनबाला, म्हणजे आमची अक्का, त्यांची बायको. इस्तंबूलपासून लिस्बनपर्यंत युरोप रेल्वेनं बघायचा, ही हौस अक्काची. विमानातून ढगाशिवाय काय दिसतं, असं तिचं म्हणणं.

तिकिटं दोघांची काढून झाली... आणि होळीला अक्का गेली.

मला वाटलं, आता दाजी जात नाहीत. दाजी गेले. अक्काची जागासुद्धा त्यांनी रद्द केली नाही. खिडकीजवळची.

आमच्या जैन घरांत दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. दाजी कामावरून आले की परसात स्कूटर पुसत बसायचे. अक्का मागच्या दारातून हाक मारायची. दाजी "आलो, आलो" म्हणायचे, आणि यायचे नाहीत. ते ताटावर आल्याशिवाय अक्का घास घ्यायची नाही. कित्येकदा सूर्य बुडायचा आणि दोघंही उपाशी झोपायची. असा त्यांचा संसार. सुखाचा होता.

तर त्या गाडीत...

बाहेर शेतं. पवनचक्क्या. अगदी चाळकेवाडीच्या पठारावर असतात तशा. त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नव्हती. डबा अर्धा रिकामा. कुणी बोलत नव्हतं.

आणि हाक आली...

"आवं, दिस बुडतोय. या की जेवायला."

दाजींनी खिडकीकडं बघितलं. जागा रिकामीच. आवाज तिथला नव्हताच. लांबून येत होता... परसाच्या पलीकडून यावा तसा.

सवयीनं ते म्हणून गेले, "आलो, आलो."

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. ते अजून सांगलीच्याच वेळेवर होतं.

सांगलीत दिवस मावळत होता.

त्यानंतर रोज. व्हिएन्ना झालं, झुरिक झालं, पॅरिस झालं. भर उन्हात हाक यायची. दाजी "आलो" म्हणायचे आणि जेवणाचा डबा उघडायचे. आसपासचे लोक वळून बघायचे. मला फोनवर म्हणाले, "अमृत, तुझी अक्का लय हट्टी. हितं अजून दुपार हाय, हे तिला कोण सांगणार?"

हसत होते. होळीनंतर पहिल्यांदाच.

म्हटलं, वय झालं. एकटा माणूस. चालायचंच.

दुसऱ्याच दिवशी सांगलीहून त्यांच्या शेजारच्या दीपमालाचा फोन आला. दाजी परत आले का, असं तिनं विचारलं.

नाही, म्हटलं.

"मग मामा, तुमच्या दाजींचा आवाज कसा येतोय? दाराला बाहेरनं कुलूप हाय. आत अक्का हाक मारत्यात... आणि दाजी 'आलो, आलो' म्हणत्यात."

त्या रात्री मी दिवा घालवला नाही. विजेचं बिल मीच भरतो, तरीही.

मग स्पेन आलं.

गाडी भरलेली. अक्काच्या जागेवर एक म्हातारी येऊन बसली, समोर तिचा नवरा. त्यांनी दाजींना संत्रं सोलून दिलं. खुणांनी गप्पा सुरू झाल्या. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी बोलत होतं.

हाक आली.

दाजींना लोकांसमोर लाज वाटली. जरा वेळानं 'आलो' म्हणू, असं त्यांनी ठरवलं.

पुन्हा हाक आली.

पुन्हा...

मग थांबली.

संध्याकाळी दीपमालाचा फोन. आज घरात अक्का एकट्याच हाका मारत होत्या, म्हणाली. अंधार पडेपर्यंत.

दाजींना मात्र त्या दिवसानंतर हाक आली नाही. लिस्बनला त्यांनी समुद्र बघितला. परत आले. आता रोज दिवस मावळायच्या आधी दोन ताटं वाढून मागच्या दाराशी बसतात. घरात घड्याळाशिवाय आवाज नाही, म्हणतात.

परवा मी साताऱ्याहून त्यांना फोन केला. तीच वेळ होती.

दाजी पावसापाण्याचं बोलत होते. आणि त्यांच्या मागून...

"आवं, दिस बुडतोय."

अक्का. माझी बहीण आहे. तिचा आवाज ओळखायला मी चुकणार नाही.

मी विचारलं, "दाजी, घरात कोण हाय?"

"कोण असणार? मी एकटाच."

मागून पुन्हा हाक आली. अगदी त्यांच्या पाठीशी.

मी म्हटलं, "दाजी, माझं ऐका. एकदा 'आलो' म्हणा."

ते हळू आवाजात म्हणाले, "आलो. आलो गं."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"आवं, या की," अक्का म्हणाली. "किती हाका मारायच्या? मी जेवायची थांबलेय."

"अमृत," दाजींनी विचारलं, "काय झालं रं? तुला काय ऐकू आलं?"

सदर लिहिताना मला शब्दासाठी कधी अडावं लागलं नाही.

फोन तसाच हातात होता. सांगलीत दिवस मावळला.