रोट जमिनीला टेकता कामा नये

राखण्याच्या जुव्यावर यंदा रोट पोचवायचाच, आणि तोही पाण्यावरूनच, असं सुलोचनानं ठरवलं तेव्हा तिच्याकडे होडी नव्हती, वल्हवणारा माणूस नव्हता, आणि वय पन्नाशीच्या पुढे गेलं होतं. भरपूर होता तो फक्त राग.

जुवं म्हणजे नदीतलं बेट. शापोरा नदी मोरजीला समुद्रात शिरते, त्याच्या जरा अलीकडे, चोपड्याच्या समोर, हे एवढंसं जुवं आहे. काठाला कांदळ, मध्ये एक भेंडाचं झाड आणि झाडाखाली एक काळा दगड. तो राखणदार. मार्गशीर्षातल्या दशमीला तुयेच्या वाड्यातलं एक घर पाळीपाळीनं त्याच्यासाठी नैवेद्याचा जाड रोट घेऊन जातं. नियम दोनच. रोट पाण्यावरून न्यायचा, आणि घरातून निघाल्यापासून दगडापुढे ठेवेपर्यंत तो जमिनीला टेकू द्यायचा नाही. यंदाची पाळी सुलोचनाच्या घराची होती.

पण मध्यंतरी चोपड्याच्या काठावर एक रिसॉर्ट उभं राहिलं. त्यानं आधी काठ घेतला, मग जुव्याभोवती नारिंगी बोयांची दोरी ताणली, आणि आता पंचायतीत सांगत होतं की या बेटावर कुणी येत नाही, जात नाही, तेव्हा आमच्या पाहुण्यांसाठी ते आम्हाला द्या. दशमीनंतरच्या बैठकीत निकाल व्हायचा होता. वाड्यातली शेवटची होडी सुलोचनाचे थोरले दीर गोकुळदास यांची. ती त्यांनी त्याच रिसॉर्टला विकली. आता ती तिथल्या बागेत उभी होती आणि तिच्यात झेंडू लावले होते! चोपड्याचे होडीवाले रिसॉर्टचेच पाहुणे फिरवायचे. त्यांनी सुलोचनाला बघून तोंडं फिरवली.

"रिसॉर्टाच्या गेटीतसून जावा, तेंच्या बोटीन," गोकुळदास म्हणाले. "नीट इचारलात तर सोडतत ते."

"इचारून?" सुलोचना म्हणाली. "आमच्या राखण्याकडे जावक आमी तेंका इचारूचा?"

त्या संध्याकाळी तिनं डिचोलीला सिद्धीला फोन लावला.

सिद्धी म्हणजे सुलोचनाच्या नवऱ्याची, शंभूची, भाची. मयेच्या तळ्यावर ती लोकांना पॅडलबोर्ड शिकवायची. पॅडलबोर्ड म्हणजे हवा भरून टणक केलेली लांबोडी फळी. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागे सारायचं. मामीचं बोलणं ऐकून सिद्धी म्हणाली, "मामी, आयतवारी ये. मामाकय घेवन ये."

मयेचं तळं निवांत आहे, पण सुलोचना निवांत नव्हती. सिद्धीनं तिच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवलं, घोट्याला फळीची दोरी बांधली आणि सांगितलं, "आदी गुडघ्यार बस. मधी ही मूठ आसा मगे, तिच्या दोनूय बाजूंक पाय ठेव आनी हळू उबी रव. गुडघे सैल सोड. आनी पायांकडे बघू नको, पलीकडच्या माडाकडे बघ." सुलोचनानं सगळं ऐकलं, उभी राहिली आणि पायांकडे बघितलं. धप्प! वर आली, पुन्हा चढली. पुन्हा धप्प! काठावर सहलीला आलेलं एक टोळकं फोन धरून हसत होतं. त्यातला एक जण ओरडला, "आजी, घरी बसा आता." झालं! त्या एका शब्दानं सुलोचनाचं जे काम केलं ते सिद्धीच्या शिकवण्यानं झालं नसतं. तिनं दात आवळले, माडावर नजर रोखली आणि उभी राहिली, ती थेट तळ्याच्या मध्यावर जाऊन थांबली.

शंभू पेडण्याला बँकेत होता, आणि आयुष्यात त्यानं कुठल्याही गोष्टीची घाई केली नव्हती. तो गुडघ्यांवर बसून वल्हवायला शिकला आणि तिथंच थांबला. "उबो रावन माका खंय जावचा आसा?" असं त्याचं म्हणणं. पुढचे सगळे रविवार दोघं मयेला जात राहिली. सुलोचना वळायला शिकली, थांबायला शिकली, पडल्यावर फळीवर परत चढायला शिकली. मयेच्या तळ्यात जे नव्हतं ते मात्र तिला कुणीच शिकवलं नाही.

दशमीच्या पहाटे सिद्धी फळ्या घेऊन आली तोवर रोट भाजून झाला होता. तळहाताएवढा जाड, गूळ घातलेला. तो घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा शंभूच्या फळीच्या पुढच्या ताणपट्ट्यांत अडकवला, कारण तिघांत तोच सगळ्यात स्थिर. नारळ आणि नारळ फोडायचा कोयता सुलोचनाच्या कमरेच्या पिशवीत. निघायची वेळही तिनंच ठरवली होती. तिचं माहेर मोरजीचं. तिथं भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट. दशमी, म्हणजे साडेसात. साडेसातला पाणी फिरणार, ओहोटी लागणार आणि नदीच त्यांना अलगद जुव्यापर्यंत नेऊन सोडणार.

साडेसातला तिघं तुयेच्या फेरीधक्क्यावरून पाण्यात उतरली. पदेर पाव वाटून परतत होता, तो सायकल थांबवून बघत राहिला. सुलोचना ऐटीत उभी राहिली, वल्हं मारलं, आणि फळी पुढे जायच्या ऐवजी मागे गेली.

पाणी अजून चढत होतं!

तिनं जोर लावला. दहा वल्ही मारावीत तेव्हा एक कांदळ मागे पडावा. सिद्धी पुढे जाऊन परत आली, तिच्याही कपाळावर घाम होता. "मामी, ओहोटी लागली म्हणलस मगे?"

"लागलीच आसतली!" सुलोचना फणकारली.

"लागली आसतली," मागून शंभू शांतपणे म्हणाला. "मोरजेक. ती हय येवक येळ लागतलो. माहेरची भरती सासराक चलना नाय, सुलू."

सुलोचनानं मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन वल्ही मागे सरला. पण तो बरोबर बोलत होता. नदीच्या मुखाशी पाणी फिरलं तरी ते इतकं आत येईपर्यंत बराच वेळ जातो, आणि मोरजीचं गणित तुयेला लावायची चूक तिनं केली होती. काठाला जाऊन थांबावं, तर काठाला निसरडा चिखल. डबा हातात घेऊन कुणी चिखलात घसरला तर सगळंच संपलं. थांबलं की नदी मागे नेणार. तेव्हा तिघं वल्हवत राहिली. खांद्यांत कळा येत होत्या. एक घार वर घिरट्या घालत होती आणि सुलोचनाला वाटत होतं की ती आपल्यालाच हसतेय.

शेवटी पाणी सैल पडलं. पाण्यावरची पानं थबकली, मग हलकेच वळून मोरजीच्या दिशेनं निघाली. आता खरी मजा होती. दोन्ही काठांना कांदळांच्या मुळांचं जाळं, त्यात खंड्या, बगळे, मध्येच टुणकन उडणारे मासे. आतल्या खाजणात, म्हणजे बांधाआडच्या खाऱ्या शेतजमिनीत, माड ओणवे होऊन उभे. सुलोचना या नदीकाठी तीस वर्षं नांदली होती आणि नदीच्या मधून तिनं आपला गाव कधी बघितला नव्हता. ऊर भरून आला, आणि हे सगळं एका दोरीनं कुणी आपलं म्हणावं, याचा राग दुपटीनं उसळला.

पण वेळ गेला होता. ओहोटीला जोर चढला तेव्हा ती तिघं नेमकी खाजणाच्या मानशीसमोर होती. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. नदी चढली की ते बंद होतं, उतरली की उघडतं आणि खाजणातलं पाणी नदीत ओकतं. काठाशी पाणी जरा संथ म्हणून शंभू काठ धरून चालला होता.

दार उघडलं!

पाण्याचा लोट आडवा आला. शंभूची फळी गर्रकन फिरली आणि नदीत रोवलेल्या खुंटांकडे भिरकावली गेली. त्या खुंटांना मासेमारीची जाळी बांधलेली. फळी खुंटाच्या एका अंगाला, शंभू दुसऱ्या अंगाला, आणि दोघांना बांधणारी घोट्याची दोरी खुंटाला पक्की अडकली! लाइफ जॅकेट त्याला वर खेचत होतं, पाय त्याला खाली. एकदा डोकं वर आलं. एकदा फक्त हात.

सुलोचना गुडघ्यांवर आपटली. वल्हं, वल्हं, वल्हं! खुंट हाताला लागला. तिनं एका हातानं खुंटाला मिठी मारली आणि दुसऱ्या हातानं पिशवीतला कोयता ओढला. तेवढ्यात तिला दिसलं की डबा त्या फळीवर आहे. दोरी तोडली की फळी गेली आणि फळीबरोबर रोट.

तिनं विचार केला नाही. एक घाव. दोरी तुटली.

शंभू वर आला, खोकत, लाल डोळ्यांनी. फळी खुंटांमधून सुटली, एका कोलांटीत पालथी झाली आणि समुद्राकडे धावत सुटली. ताणपट्ट्यांतून निसटलेला डबा लाटेवर डुचमळत निघाला. सिद्धीनं क्षणभर फळीकडे पाहिलं. ती तिची सगळ्यात चांगली फळी होती. मग तिनं फळी सोडली आणि डब्यामागे धावली.

"गावलो!" डबा छातीशी धरून ती ओरडली. झाकण घट्ट होतं.

"पाण्याक टेकलो," शंभू धापा टाकत म्हणाला. त्याला मघाचं मरण विसरून रोटाचीच काळजी.

"पाणी तेचाच," सुलोचना म्हणाली. "तुमी गप बसा. उगीच बोलू नकात." मग तिनं त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

सिद्धीनं आपली आणि मामीची घोट्याची दोरी सोडली. "तळ्यात ठीक आसा," ती पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाली. "न्हयेत कमरेक बांदूची, वडली की सुटता तशी. माजी चूक."

"आज सगळ्यांच्योच चुको," सुलोचना म्हणाली. "चल."

शंभू आता सुलोचनाच्या फळीवर पुढे मांडी घालून बसला, मांडीत डबा. दोघांच्या वजनानं फळी जड झाली. त्यात समुद्रावरचा वारा सुटला. शिवोलीच्या पुलाखालून बाहेर पडतात तोच तो थेट तोंडावर आला. ओहोटी पुढे ढकलत होती, वारा मागे, आणि दोघांच्या भांडणात आखूड, टोकदार लाटा उठत होत्या. समोर जुवं दिसत होतं. जुव्यापुढे नारिंगी बोयांची दोरी. आणि दोरीशी एक मोटरबोट.

बोटीत वर्दीतला पोरगेला रखवालदार होता. त्यानं शिट्टी फुंकली. "प्रायव्हेट आसा! फाटी जावा!"

"तू खंयचो रे?" सुलोचनानं विचारलं.

"दोडामार्गचो. निखिल." नाव सांगून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की सांगायचं नव्हतं. त्यानं घाईनं फोन काढला. "व्हिडिओ करून सायबाक धाडतंय हां मी. कंप्लेंट जातली."

सुलोचना इतका वेळ गुडघ्यांवर होती. दोन माणसं, वारा, लाटा. शहाणपणा त्यातच होता. पण आता तिनं समोरच्या भेंडाच्या झाडावर नजर रोखली आणि उभी राहिली. फळी डचमळली. शंभूनं डबा डोक्यावर धरला.

"काड," ती म्हणाली. "नीट काड. माजा तोंड येवक व्हया, ह्या घोवाचा येवक व्हया, ही दोरी येवक व्हयी आनी तो डबो. आनी सायबाक सांग, तुयेची सुलोचना आयली हा, दशमीचो रोट घेवन. दरवर्सा येतत तशी."

वल्ह्यानं तिनं दोरी खाली दाबली आणि फळी वर घातली. अर्धी गेली, आणि खटकन थांबली. फळीच्या शेपटाखालचं पातं दोरीत अडकलं होतं. लाट आली. फळी आडवी होऊ लागली.

"मामा, फुडे सरक!" सिद्धी मागून ओरडली. "फाटली बाजू उचल!"

शंभू डबा वर धरून ढुंगणानं पुढे सरकला. सुलोचना एक पाऊल पुढे. आणखी एक. शेपूट उचललं गेलं, दोरी सुटली, आणि फळी सुळकन आत!

जुव्याचा चिखल समोर आला. शंभू उतरला, पोटऱ्यांपर्यंत रुतला, एकदा कलंडला, पण हात वरच. भेंडाखाली त्यानं डबा सुलोचनाच्या हातात दिला. तिनं रोट काढला. एका बाजूनं जरा मोडला होता, पण कोरडा. दगडापुढे ठेवला, नारळ फोडला. काही मागितलं नाही. फक्त म्हणाली, "हाडलो बघ."

निखिल दोरीबाहेरून हे सगळं फोनमध्ये टिपत होता. वारा वाढल्यावर त्यानं हाक मारली, "मावशी, बोटीतसून सोडतंय काठार."

"नाका," सुलोचना म्हणाली. "पाणी फिरला काय आमी आयलो तशी जातली."

आणि संध्याकाळच्या भरतीनं ती तिघं तशीच गेली.

सिद्धीची फळी दुसऱ्या दिवशी मोरजीच्या रांपणकारांनी आणून दिली, जाळीत गावली म्हणून. पंचायतीची बैठक त्यानंतर झाली. रिसॉर्टच्या वकिलानं घुसखोरीचा पुरावा म्हणून भिंतीवर व्हिडिओ लावला. वारा, लाटा, दोरी, आणि वल्हं धरून उभी सुलोचना, "दरवर्सा येतत तशी" म्हणताना. सगळी सभा बघत राहिली. मागच्या बाकावर गोकुळदास मान खाली घालून बसले होते.

सरपंचांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, तुमचा म्हणणं, थंय कोण येनत नाय मा?"

रिसॉर्टचा जुव्यासाठीचा अर्ज त्याच दिवशी फेटाळला गेला.

"एक काम करा," मागून सुलोचनाचा आवाज आला. "तो परत पयल्यापासून लावा. रोट खंय टेकलो काय, सगळ्यांनी बघा."