निळ्याला पिवळा पाय

ओत्सो किवेला आत आला आणि सरळ ताउनोच्या पांढऱ्या खुर्चीत बसला. कमरेपासून खाली तो वाळलेल्या चिखलाने माखलेला होता.

"अरे बाबा, खाली कागद तरी घालू दे!" ताउनो कळवळला.

ताउनो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. शेजारच्या हिल्का सर्वान्तोकडे तो रोज कॉफीला येई आणि तिच्या तपासात नाक खुपसून बसे. हिल्का पोलिसातून बाहेर पडून खाजगी तपास करायची. ताउनोने स्वतःसाठी तिच्याकडे आणून ठेवलेल्या त्या खुर्चीची तिला पर्वा नव्हती.

"बोल," ती म्हणाली.

"काल संध्याकाळी हर्तोनेन बाईंच्या खोलीतून भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका चोरीला गेली. मी चोरली म्हणतात. उद्या विद्यापीठाच्या रेक्टरांपुढे सुनावणी आहे. वर्तन-नियमांप्रमाणे वर्षभर बाहेर काढतील."

"आणि वर्ष गेलं तर?"

"जूनपासून उत्तरेच्या वेधशाळेत काम मिळालंय. तीन वर्षं त्याच्यासाठीच घासली. ठपका असलेल्याला ते दारात उभं करत नाहीत."

"साक्षीदार कोण?"

"रासमुस लिंडरूस. माझा मित्रच. त्याने कोणाला तरी पाठमोरं पळताना पाहिलं. निळा ओव्हरऑल, डावा पाय गुडघ्याखाली पिवळा."

मे दिनाच्या आठवड्यात सगळे विद्यार्थी आपापल्या विभागाच्या रंगाचा ओव्हरऑल, म्हणजे शर्ट-पँट एकत्र शिवलेला अंगभर कपडा, घालून हिंडतात. भौतिकशास्त्राचा निळा, रसायनशास्त्राचा पिवळा. प्रेमात पडलेली जोडपी ओव्हरऑलचा एक पाय गुडघ्यापासून कापून आपसात बदलतात आणि शिवून टाकतात. निळ्याला पिवळा पाय अख्ख्या विद्यापीठात एकच होता, ओत्सोचा. त्याची वेन्ला रसायनशास्त्राची.

हिल्काने वाकून त्याच्या डाव्या पायावरचा चिखल नखाने खरवडला. खाली निळं कापड निघालं. गुडघ्याभोवती टाके होते आणि टाक्यांच्या दोऱ्यावरही चिखल तसाच वाळला होता.

"पिवळा पाय कुठे गेला?"

"काढला. रविवारी."

"का?"

ओत्सोने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आणि हा चिखल?"

"काल दुपारचा. नव्या मुलांना नदीत बुचकळतात ना, मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. बाहेर आलो तर सगळेच मातीचे. कोण निळा, कोण हिरवा, कळत नव्हतं."

"पाय का काढलास ते रेक्टरांना सांग, सुटशील."

"ते माझं मी बघेन," तो म्हणाला आणि उठला. खुर्चीची पार वाट लागली होती.

प्राध्यापक ऐला हर्तोनेन तोडून बोलणाऱ्या बाई होत्या.

"मी कॉफी आणायला गेले, दार उघडंच होतं. परत येते तर कॉरिडॉरमध्ये रासमुस उभा. 'बाई, तुमच्या खोलीतून कोणीतरी पळालं!' आत बघते तर प्रश्नपत्रिकेचं पाकीट गायब."

"आणखी कोणी होतं?"

"चिटपाखरू नव्हतं. सगळे नदीवर दमून घरी गेले होते."

"मग रासमुस कशाला आला होता?"

"नेहमीचंच, मुदत वाढवून मागायला. ठरलेली वर्षं भरली म्हणून जुलैअखेर त्याचा शिकायचा हक्क संपतोय आणि हा पेपर दोनदा राहिलाय. मी नाही म्हटलं. कोण पळालं विचारलं, तेव्हा बिचारा आधी सांगेचना."

वेन्ला प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली होती. तिचे दोन्ही पाय पिवळे.

"मीच म्हटलं, बास आता," ती म्हणाली. "रविवारी त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून दोघांचे पाय उसवले आणि ज्याचे त्याला शिवले. माझा टाका वाकडा येतो म्हणून माझाही त्यानेच शिवला. एक शब्द बोलला नाही हो."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. 'लोकांना मी सांगेन' म्हणाला होता."

बाहेर आल्यावर ताउनो कुजबुजला, "हिनेच सूड घेतला."

"सोडून जाणारी सूड कशाला घेईल? तू कॉफी पी."

रासमुस वाचनालयात पुस्तकांच्या ढिगाआड सापडला. त्याच्या निळ्या ओव्हरऑलवर चिखलाचा ठिपकाही नव्हता.

"काल नदीवर नव्हतास?"

"कुठलं हो! दिवसभर इथेच. संध्याकाळी तेवढा बाईंकडे गेलो."

"पाय पिवळाच होता? अंधुक उजेड, मळका कपडा..."

"छे, पिवळाधमक! लांबूनही चुकलं नसतं. ओत्सो माझा जिवलग, नाव घेताना जिवावर आलं माझ्या."

बुधवारी सकाळी रेक्टरांच्या खोलीत सगळे जमले. नियमांची पुस्तिका टेबलावर उघडीच होती.

"विद्यार्थी छापलेले नियम मोडतात," हिल्का म्हणाली, "पण न छापलेले जिवापाड पाळतात. ओव्हरऑल धुवायचा नाही, हा त्यातला पहिला. धुवायचाच तर अंगात घालून पाण्यात उतरायचं. सोमवारी दुपारी ओत्सो नदीत होता, शेकडो मुलांनी पाहिलंय. संध्याकाळी त्याचा पाय पिवळा असो की निळा, दिसला असता मातीच्या रंगाचा. रासमुसला दिसला पिवळाधमक."

"पण मधल्या वेळात मशीनमध्ये धुतला असेल तर?" ताउनोने विचारलं.

ओत्सो, वेन्ला आणि रासमुससुद्धा त्याच्याकडे असे बघायला लागले, जणू त्याने भर सभेत शिवी दिली होती.

"आमच्या वेळी नव्हते हे असले कपडे," तो पुटपुटला.

"आणि धुतला असता तर अजून अंगावर असलेला हा चिखल कुठून आला?" हिल्का म्हणाली. "आता रेक्टरसाहेब म्हणतील, चोरीनंतर पाय बदलला असेल. मग टाके चिखलावर असते. इथे टाक्यांवर चिखल आहे. म्हणजे पाय नदीआधीच बदललेला होता. वेन्लाही तेच सांगते, आणि त्याला वाचवण्यात तिचा काही फायदा नाही. पिवळा पाय रविवारपासून तिच्याच अंगावर होता."

"म्हणजे रासमुसने पाहिलं कोणाला?" रेक्टरांनी विचारलं.

"कोणालाच नाही. त्या माणसाला कॉरिडॉरमधून वगळा. उरतो एकटा रासमुस, आणि त्याची जुलैची मुदत. बाई अचानक परतल्या, तिथे उभं असण्याचं कारण द्यायला हवं होतं. बाईंनी 'कोण' विचारलं, तेव्हा ओळखीतलं सगळ्यात ठसठशीत चित्र त्याने आढेवेढे घेत सांगितलं. ते रविवारीच जुनं झालंय, हे त्याला माहीत नव्हतं."

मग रासमुसने पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्याचं सील शाबूत होतं.

"फोडायची हिंमत झाली नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, ओत्सो हुशार, त्याला नुसती समज देऊन सोडतील."

रेक्टरांनी पुस्तिका मिटली. ओत्सोवरचा आरोप रद्द झाल्याचं त्यांनी सांगितलं. ओत्सोने मान हलवली, पण तो जागचा उठला नाही.

रासमुस त्याच्याकडे वळला. त्याचा आवाज चिडल्यासारखा होता.

"तुमचं तुटलं, आणि तू मला सांगितलंही नाहीस?"

"तुलाच पहिलं सांगणार होतो," ओत्सो म्हणाला. "सोमवारी दुपारभर नदीत तुझीच वाट बघत उभा होतो."