चौदावी कॉइल

"वीस टन पोलाद कुणी खिशात घालून नेत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं." धक्क्याच्या साहेबांनी आपला वाफाळता डबा पुढे सरकवला. "घ्या. आमचं कॅन्टीन डबे झकास तापवतं."

बाई खाजगी तपासनीस. सोबतीला यजमान, निवृत्त मास्तर.

पोलाद कारखान्याच्या धक्क्यावर जहाज चारच्या भरतीला सुटणार होतं. पत्र्याच्या चौदा कॉइल, म्हणजे अजस्र गुंडाळ्या, न्यायच्या होत्या; चढल्या तेरा. क्रेनवाल्या मामांचा आज नोकरीतला शेवटचा दिवस. कॉइल सापडली नाही, तर चौतीस वर्षांच्या चोख कामानंतर निरोपाऐवजी चौकशी होणार होती.

"तेरा शेडमध्ये होत्या," मामा म्हणाले. "चौदावी तीन दिवसांपूर्वी आली, तेव्हा मी रजेवर. ताजी कॉइल गरम असते. निवेपर्यंत कप्तान घेत नाही."

नोंदणीवाली ताई वैतागली होती. "मी शेडमधल्याच मोजल्या. तीन दिवस कॅन्टीनला गॅस नाही, गार पोळी खातेय, त्यात हे!"

पहारेकरी काका नुकतेच जेवायला बसले होते. त्यांच्या भातातून वाफ निघत होती. "मला काही ठाऊक नाही," ते पुटपुटले.

"अहो, ते मांजर बघा!" मास्तर कुडकुडत म्हणाले. "शेड सोडून या बोचऱ्या वाऱ्यात लाकडांच्या ढिगावरल्या ताडपत्रीवर ताणून दिलीये. वेडंच आहे!"

"तुमचा डबा द्या," बाई म्हणाल्या.

"आणि मी काय खाऊ?"

अडीच वाजता बाईंनी सगळ्यांना ढिगापाशी जमवलं.

"कॅन्टीनला गॅस नाही, तरी दोन डबे गरम. मांजर वेडं नाही, त्याला खालून ऊब मिळतेय." त्यांनी ताडपत्री ओढली. लाकडांना खेटून चौदावी कॉइल! तिच्या पोकळीत मास्तरांचा डबा.

"कॉइलवर डबे ठेवायला मीच बंदी घातलीये!" साहेब कडाडले.

"म्हणून तर काका गप्प. निवायला बाजूला ठेवलेली कॉइल त्यांनी झाकली. आणि साहेब, तीन दिवस तुमचा डबाही इथेच तापत होता."

साहेबांचा चेहरा पाहून ताईला हसू आवरेना.

"मामा, चुकलो," काका म्हणाले. "चारच्या आत सांगणारच होतो."

"गाढवा, मला तरी सांगायचंस! माझाही डबा ठेवला असता."

साहेबही हसले. "बंदीचा कागद उतरवा. कॉइल चढेल ना?"

मामांनी कॉइलवर तळवा टेकवला. "आच गेलीये, ऊब उरलीये. चढेल."

मास्तरांनी तापलेला डबा उघडून घास घेतलाही होता. "पण हे मला कसं नाही सुचलं?"

"आधी जेवा."

चार वाजायला पाच मिनिटं असताना चौदावी कॉइल अलगद जहाजात टेकली. आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मामांनी काही कारण नसताना क्रेनचा भोंगा वाजवला.