बे सक बारा

सीमंतिनी दौलतगंजच्या बाजारात गेली होती मिक्सर दुरुस्त करून घ्यायला. पण दुकानात जुना टेपरेकॉर्डर चालू दिसला, नि तिला घरातली जुनी कॅसेट आठवली.

"भैया, आप... कैसेट भी ठीक करते हो?"

"करतो. पर 'भैया' मत बोलो यार," तो तरुण हसला. "आत्ता फोनवर बाबांशी मराठीत बोलत होतात ना? मी विहंग."

दुसऱ्या दिवशी ती कॅसेट घेऊन आली, सोबत लहानपणचा गुन्हाही. आई-बाबांच्या लग्नात गोरखी मोहल्ल्यातल्या सासरच्या दारात नणंदांनी वाट अडवली, तेव्हा आईनं घेतलेला उखाणा त्या कॅसेटवर होता. सात वर्षांच्या सीमंतिनीनं त्यावरच आपले पाढे रेकॉर्ड केले. पुढच्या वर्षी आई गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. बाबा, म्हणजे सदाशिवराव, एका शब्दानंही रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

विहंगनं कॅसेट उजेडात धरली. "ही कुणी आणली होती?"

"मामानं, दुबईहून."

"मामांना माझा नमस्कार सांगा! साध्या टेपवर लोहाच्या गंजाची भुकटी असते, चटकन पुसली जाते. ही शुद्ध धातूची... फार हट्टी. घरच्या रेकॉर्डरच्या चुंबकात हिला पुरतं पुसायचा दमच नसतो."

"म्हणजे आई... आहे?"

"आहे. थोड़ा टाइम द्या."

त्यानं जरा जास्तच टाइम घेतला. ती रोज विचारायला यायची, तो रोज चहा मागवायचा... आणि चहा लांबतच जायचा.

नवव्या दिवशी ती बाबांना घेऊन आली. विहंगनं बटण दाबलं.

"बे पंचे दहा... बे सक... बे सक..." आणि चिमुरडी अडखळून गप्प! त्या शांततेत, खालून, हलकेच एक लाजरा आवाज आला—

"गोरखीच्या दारात पडला चाफ्याचा सडा,
सदाशिवरावांचं नाव घेते, आता तरी वाट सोडा!"

बाबा रडले, मग टाळी वाजवून हसले. "बरं झालं बाई, तुला पाढे येत नव्हते!"

बाबा पुन्हा पुन्हा ऐकत बसले. सीमंतिनी पेढे आणायला निघाली, तर विहंग दारात आडवा.

"सोडा ना वाट..."

"नाव घेतल्याशिवाय? बिल्कुल नहीं."

ती लाल झाली. मग हनुवटी वर करून, आत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली—

"बे सक बारा विसरले, आईचा उखाणा ऐकला गोड,
विहंगचं नाव घेते, आता तरी वाट सोड!"

आतली टेप थांबली.

"परत म्हण गं," बाबा ओरडले, "रेकॉर्ड करू! आणि विहंग... साधी कॅसेट नको हां."