बेलधरीच्या तळ्याची वाट

उमरखेडच्या स्टँडवरून रविवारी सकाळी आठची बेलधरी गाडी हलली आणि त्याच धक्क्यासरशी एक लाकडी पाटी गौरीच्या खांद्यावर येऊन टेकली.

"अरारा… रंग ओला हाय तिचा!" पाटी धरून उभा असलेला तरुण दचकून म्हणाला.

गौरीच्या निळ्या ओढणीवर पांढऱ्या रंगाचा चांगला हातभर फराटा उमटला होता. तिला रागवायचं होतं. पण तो इतका ओशाळला होता… रुमाल काढतो काय, परत खिशात कोंबतो काय… की तिला हसूच आलं.

"राहू द्या. एवढं काय लिहिलंय पाटीवर, ते तरी वाचू द्या."

त्यानं पाटी तिच्याकडे फिरवली. 'इकडून तळ्याकडे वाट नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारा.'

गौरीचं हसू ओठांवरच वाळलं. कारण त्या वाटेबद्दल लिहिलं होतं तिनंच.

गौरी उमरखेडचीच. वडील वामनराव तहसीलमधून निवृत्त झालेले, ती स्वतः कॉलेजच्या ग्रंथालयात. सुटीच्या दिवशी एसटीत बसायचं, एखाद्या तळ्याकाठी उतरायचं आणि पायी भटकायचं, हा तिचा छंद. कुठली गाडी, कुठं उतरायचं, परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे सगळं ती मोबाइलवरच्या आपल्या पानावर लिही. पानाला नाव दिलं होतं 'एसटीनं तळ्याकाठी'. स्वतःचं नाव मात्र दिलं नव्हतं. नऊ वाटा तिनं चालून मग लिहिल्या. दहावी, बेलधरीची, दिवाळीच्या आधी तापानं अंथरुणावर पडल्या पडल्या नकाशा बघून लिहून टाकली. 'शेतांमधल्या पांदणीनं सरळ जा. पुढं मोकळं रान आहे. ते ओलांडलं की तळं.' वाचणारे घाई करत होते, आणि तिला कौतुकाची चटक लागली होती.

परवा कुणीतरी पानाखाली लिहिलं, 'वाट सापडली नाही. गावकरी ओरडले.' म्हणून ती आज गुपचूप पाहायला निघाली होती.

"थे मोकळं रान म्हंजे आमचं वावर हाय," तो सांगत होता. त्याचं नाव भारत. "तूर उभी होती बाप्पा! दिवाळीच्या सुट्यांत चाळीस-पन्नास जण तुडवत गेले. कुंपणाचं फाटक उघडंच ठेवलं. गुरं शिरली. अर्धा एकर साफ!"

"कोणी लिहिलं होतं?" गौरीनं विचारलं. आवाज आपलाच का, असं तिला वाटलं.

"कोनास ठाऊक. नाव टाकाले छाती लागते." मग तिच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहून तो घाईनं म्हणाला, "तुमाले नाई बोलून राह्यलो जी! तुमी काहून आल्या इकडे?"

आत्ता सांग. आत्ताच… तिनं ओठ उघडले.

"पक्षी बघायला," ती म्हणाली.

एवढ्या लहान खोटेपणानं तिचे कान तापले.

बेलधरी फाट्याला उतरल्यावर त्यानं पाटी पांदणीच्या तोंडाशी ठोकली आणि म्हणाला, "चाला, खरी वाट दाखवतो. ओढणी खराब केली तुमची, तेवढी भरपाई."

खरी वाट गावाच्या उलट्या अंगानं होती. सांडव्याच्या दगडांवरून उतरायचं, मग पळसांच्या मधून तळ्याच्या पाळीवर चढायचं. पाण्यावर अजून धुकं होतं. बदकांचा एक थवा त्यातून निघाला आणि पुन्हा त्यातच गडप झाला. सांडव्यावर गौरीचा पाय घसरला. भारतनं हात पुढं केला, आणि तिनं तो धरायच्या आतच लाजून मागं घेतला. मग पुन्हा पुढं केला. दोघंही हसले.

त्या दिवशी ती उमरखेडला परतली ती एक गोष्ट पक्की ठरवून… पुढच्या रविवारी सांगून टाकायचं.

पुढच्या रविवारी, ठरल्याप्रमाणे, तो फाट्यावर उभाच होता.

"गाडी वीस मिनिटं लेट हाय आज," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी पंचवीस मिनिटांपासून उभा हाओ."

असं काही ऐकल्यावर कुणी खरं कसं सांगावं? पाळीवर बसून दोघांनी बोरं खाल्ली. तो चांगलं बोर तिला देई आणि किडकं आपण ठेवी. ती ते पाही. मी चोर आहे, तिला वाटे. याचं वावर तुडवलं, आणि आता याचीच बोरं खातेय.

"तुमी मधेच गप काहून होता?" त्यानं विचारलं.

"सवय आहे."

"वाईट सवय हाय. माह्या मनाले लागते."

तिनं मान खाली घातली. त्याला ते लाजणं वाटलं. ते लाजणं नव्हतं, नुसती शरम होती.

तिसऱ्या रविवारी तो तिला घरी घेऊन गेला. आई, लीलाबाई, दारातच बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"हे काय झालं?" गौरीनं विचारलं.

"काई नाई व, तुरीतून गुरं हाकलाले गेलती, पडली," लीलाबाई हसून म्हणाल्या. डाव्या हातानंच त्यांनी तिच्या ताटात भाकर वाढली. "ऐन वेचणीत हात गेला. कापूस तसाच लोंबून राह्यला झाडावर."

भारतनं हे सांगितलं नव्हतं. गौरीनं त्याच्याकडे पाहिलं.

"कायले सांगू?" तो पुटपुटला. "तुमी हसत होत्या."

"जिनं लिहिलं तिचा राग नाही येत तुम्हाला?" गौरीनं लीलाबाईंना विचारलं.

"राग कायचा? शिकलेली पोरगी असन कोनी. वरून नकाशात पाह्यलं असन, त सारं रानच दिसलं असन. आमी कुठं दिसतो त्याच्यात?"

भाकरीचा तुकडा गौरीच्या हातात तसाच राहिला. डोळ्यांतलं पाणी थेट ताटात पडलं.

"ती मी आहे," ती म्हणाली. "मीच लिहिलं. न चालता, न बघता… घरी झोपून लिहिलं. आणि तीन रविवार तुमच्या मुलापासून लपवलं."

भारत उठला. क्षणभर त्यानं तिच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं… आणि तो वावराकडे निघून गेला.

त्या आठवड्यात गौरीनं बेलधरीची ती वाट पानावरून काढली. त्या जागी स्वतःचं पूर्ण नाव घालून लिहिलं की ही वाट मी न चालता लिहिली होती, एका घराचं पीक गेलं आणि एका आईचा हात मोडला. खाली लोकांनी नको नको ते लिहिलं. तिनं एकही शब्द पुसला नाही. वामनरावांनी ते वाचलं आणि चष्मा काढून एवढंच विचारलं, "त्यांच्या घरी जाऊन आलीस का पुन्हा?"

भारतचा फोन आला नाही.

रविवारी फाट्यावर कुणीच नव्हतं. ती एकटी चालत लीलाबाईंच्या दारात गेली.

"मला वेचणी येत नाही," ती म्हणाली, "पण शिकेन. नाही म्हणू नका, काकू."

लीलाबाईंनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग एक जुनं लुगडं आणून एका हातानंच तिच्या कमरेला कापसाची ओटी बांधायला घेतली. गाठ बसेना. शेवटी एक टोक त्यांनी धरलं आणि एक गौरीनं.

दिवसभर ती वेचत राहिली. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, पाठ धरली. कपाशीच्या तीन ओळींपलीकडे भारत वेचत होता… म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण हाक आली नाही. तीही वर पाहत नव्हती. त्याची नजर आपल्यावर असेल या भीतीनं, आणि नसेल याही भीतीनं.

उन्हं कलली तेव्हा ती ओटी रिकामी करत असताना तो शेजारी येऊन उभा राहिला.

"अर्धा कचराच वेचला तुमी," तो म्हणाला.

"हो."

"तुरीचं मी कवाच सोडून देल्लं. आईच्या हाताचंही आईनं सोडलं." तो अडखळला. "पण तीन रविवार माह्यासंगं हसल्या… थे खरं होतं का खोटं, एवढंच सांगा. थे काई केल्या सुटत नाई मनातून."

"तेवढंच खरं होतं," गौरी म्हणाली. "म्हणून तर सांगता येत नव्हतं. सांगितलं तर तुम्ही जाल… याची भीती होती."

मग तिचा हात आपल्या हातात घेऊन त्यानं सोललेली बोटं पाहिली. या वेळी हात मागं घेतला नाही.

"मग वर पाहा नं माह्याकडे."

"लाज वाटते."

"अजून? झालं नं आता सारं!"

"आधी माझ्या चुकीची वाटत होती," ती मातीकडे बघत म्हणाली. "आता… वेगळी आहे."

भारतला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो कानांपर्यंत लाल झाला आणि त्याच्याच ओटीतला कापूस भसकन खाली सांडला.

"काय बाई पोट्टा!" बांधावरून लीलाबाई ओरडल्या. "पांढरं सोनं मातीत घातलं!"

दोघंही वाकले. मातीतला कापूस वेचता वेचता त्यांची डोकी एकमेकांवर आपटली, आणि गौरीनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.