दुकानात एकाने बसायचे

ही घटना घडलेली आहे.

कुणाच्या मावसभावाच्या मित्राने सांगितलेली नाही. ज्याने ती पाहिली आणि ऐकली, तो माणूस एका प्रयोगशाळेत तापमापक तपासतो. आकडा विचित्र आला तर आधी उपकरणावर संशय घ्यायचा, मग स्वतःच्या डोळ्यांवर, आणि निसर्गावर सगळ्यांत शेवटी, ही त्याची शिस्त. भुताखेतांच्या गोष्टी रंगल्या की तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जातो.

शिवाय वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. त्याच्याच घरातली बाहेरची खोली, खिडकीतून आलेले ऊन, खुर्चीवर घडी न घातलेल्या कपड्यांचा ढीग.

आणि त्या खोलीत त्याचे सासरे फोनवर बोलत होते...

स्वतःच्या बंद दुकानाशी.

सासरे शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुसऱ्या गावात, बाजाराच्या रस्त्यावर त्यांचे छोटे दुकान होते. एक कापायचे टेबल, पायाने चालवायची दोन शिलाई मशीन, एक मास्तरांचे आणि एक सासूबाईंचे. मालकही तेच, नोकरही तेच. अशा घरात रजा मागणार कोण आणि देणार कोण?

दुकानाचा नियम एकच. कामाच्या दिवशी दुकान रिकामे ठेवायचे नाही. एक बाहेर गेला की दुसऱ्याने बसायचे.

“माझ्या लग्नातसुद्धा दोघं आळीपाळीने आले,” लेक म्हणायची. ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटे. ती थट्टा नव्हती.

मास्तर बाहेर असले की दुपारी दुकानात फोन करत. तेव्हा सासूबाईंच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत. फोन खांद्यावर, मान वाकडी, हात कापडावर. तोंड उघडायची सोय नाही. होकार असला तर ‘हं’. नकार असला तर ‘अंहं’. त्या दोन हुंकारांवर अर्धा संसार निभावला. जावयाने मुलीला मागणी घातली तेव्हाही सासूबाईंनी त्याला एकदा नीट न्याहाळले होते आणि टाचण्या न काढताच ‘हं’ म्हटले होते.

मागच्या वर्षी त्या गेल्या. दुखणे अंगावर काढले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला.

मास्तरांनी त्यांच्या मशीनचा चामड्याचा पट्टा काढून ठेवला. हा पट्टा खालच्या चाकाला वरच्या चाकाशी जोडतो. तो नसला की मशीन म्हणजे नुसते टेबल. “त्यावर दुसऱ्या कुणाचे पाय नकोत,” एवढेच म्हणाले आणि एकटे बसू लागले. एक दिवस सुट्टी नाही. बोटे सुजली. मग एकदा छातीत कळ आली, डॉक्टरांनी दम भरला आणि लेक जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आली.

“बाबा, दुकान काही पळून जात नाही.”

“दुकान नाही जात. गिऱ्हाईक जातं.”

“जाईल कुठं? सगळ्या गावाची मापं तुमच्या डोक्यात आहेत!”

मास्तर हसले नाहीत. कुलूप लावल्यावर ते बराच वेळ शटरला हात लावून उभे होते, असे लेकीने नंतर सांगितले.

लेकीकडे आल्यावर पहिले काही दिवस त्यांना चैन पडेना. घरातले एकूण एक सैल बटण त्यांनी घट्ट केले. पडद्यांच्या कडा उसवून पुन्हा शिवल्या. “आता आम्हालाच आल्टर करा,” जावई म्हणाला.

मग एकाएकी ते शांत झाले. पोटभर जेवू लागले. चेहऱ्यावर तकाकी आली. आराम मानवला, असे सगळ्यांना वाटले.

त्या दुपारी जावई रजेवर होता, म्हणून त्याच्या कानांवर आले.

“वकीलसाहेबांचा कोट घेतलास का? बाह्या राहिल्यात बघ. अस्तर टेबलाखाली आहे, सापडलं?”

शांतता...

मास्तर हसले. “बरं. सावकाश होऊ दे.”

“बाबा, कुणाशी बोलताय?”

“दुकानात लावलाय.”

“दुकान बंद आहे ना?”

“हो.”

“मग उचलला कुणी?”

मास्तरांनी फोन त्याच्यापुढे धरला.

लाइन दुसरीकडे जोडली गेली असणार, हा जावयाचा पहिला विचार. त्याने फोन ठेवला आणि एकेक आकडा बघून स्वतः नंबर फिरवला. घंटा वाजू लागली.

कुणीतरी उचलला.

कुणी बोलले नाही. पण मागे आवाज होता...

खट्खट् खट्खट् खट्खट्...

पायाखालचे मशीन. सरळ शिवणीवर वेगात, वळणावर हळू, पुन्हा वेगात.

“हॅलो? कोण बोलतंय?”

मशीन थांबले.

...

“हं.”

मिटलेल्या ओठांतून आलेला.

जावयाने पुन्हा फोन ठेवला. हुंकार हा पुरावा नव्हे, त्याने स्वतःला बजावले. मिटल्या तोंडाने कुणीही तसाच आवाज काढेल. दुकानात कोणीतरी शिरले असणार. त्याने दुकानाशेजारच्या चावीवाल्याला फोन लावला आणि मास्तरांनाही ऐकू यावे म्हणून स्पीकर सुरू केला.

“शिरणार कसा?” चावीवाला म्हणाला. “शटरमध्ये बसवलेलं कुलूप मीच दिलंय, आतून-बाहेरून लागतं. किल्ली नसली तर ते माझ्याशिवाय कुणाला उघडायचं नाही, आणि मी चोर असतो तर असा फाटका राहिलो असतो का?” मग त्याने आवाज बारीक केला. “पण मास्तर आलेत ना परत? मी कुणाला सांगत नाही, काळजी करू नका. लेक रागावेल म्हणून आतून शटर ओढून बसलेत, कळतं मला. दिवसभर मशीन चालू असतं.”

जावयाने मास्तरांकडे पाहिले. इतक्या दिवसांची तकाकी त्यांच्या चेहऱ्यावरून कुणी पुसून टाकावी तशी गेली होती.

“दिवसभर?” ते पुटपुटले. “मला वाटलं, माझ्याशी बोलायला येते...”

या वेळी नंबर त्यांनी फिरवला. जावई खांद्याला खांदा लावून उभा होता.

उचलला गेला. मशीन चालूच.

“ऐकतेस ना?” मास्तर म्हणाले. “अगं, दमलीस का?”

खट्खट् खट्खट्... खट्.

थांबले.

इतका वेळ काहीच नाही, की जावयाला वाटले, लाइन तुटली...

“हं.”

मास्तरांनी डोळे मिटले. “येतो मी,” म्हणाले. “तू ऊठ आता.”

संध्याकाळी लेकीने आकाशपाताळ एक केले. “आई गेली तरी अक्कल आली नाही तुम्हाला! त्या दुकानापायीच जाणार आहात तुम्ही!” मास्तर खाली मान घालून पिशवी भरत राहिले. खरे कारण तिला सांगण्याचे धैर्य दोघांपैकी एकालाही झाले नाही.

सकाळी जावयाने त्यांना गाडीने नेले. कुलूप जसेच्या तसे. शटर वर गेले आणि कोंडलेल्या हवेचा, मशीनच्या तेलाचा वास बाहेर आला.

फोनवर धूळ होती. सपाट, अखंड थर. बोटाचा एक ठसा नाही.

सासूबाईंच्या मशीनला पट्टा नव्हता.

मात्र मशीनवर वकीलसाहेबांचा कोट पसरलेला होता, दोन्ही बाह्या लावलेल्या. जाताना मास्तर तो बाह्या न लावताच टेबलावर ठेवून गेले होते.

त्यांनी कोट उचलला...

बाह्या गळून खाली पडल्या.

जावयाने एक बाही उचलून उजेडात धरली. काठाने सुईची छिद्रे होती. ओळीत, समान अंतरावर, टोकाला मजबुतीसाठी उलट घेतलेली. शिवण पुरी होती. फक्त दोरा नव्हता. कुठेच नव्हता.

त्याने मशीनच्या चाकावर हात ठेवला. रात्रभर बंद खोलीतले लोखंड गार असायला हवे. अंश-अर्ध्या अंशाचा फरक ओळखण्याची त्या हाताला सवय होती. त्याने हात काढून घेतला.

“गरम आहे?” मास्तरांनी विचारले.

“शटरच्या फटीतून ऊन येत असेल.”

“या बाजूला ऊन येत नाही,” मास्तर हळूच म्हणाले.

मग त्यांनी चष्मा लावला, सुईत दोरा ओवला आणि सासूबाईंच्या एकेका छिद्रातून हाताने टाके घालायला घेतले. नवे छिद्र एकही पाडले नाही. मान वर न करता, जावयाशी नव्हे, कुणाशी तरी म्हणाले, “बसलोय मी. तू जा. पड जरा.”

निघताना जावयाला राहवले नाही. “बाबा, पुन्हा आमच्याकडे येऊन फोन केलात, तर कदाचित...”

“उचलेल ना,” मास्तर म्हणाले. “म्हणूनच नाही करायचा.”

त्यानंतर त्यांनी दुकान एकही दिवस रिकामे ठेवले नाही. ताप अंगात घेऊन बसले. आणि त्या मशीनमधून पुन्हा आवाज आला नाही.

या वर्षी मास्तर टेबलाशीच कोसळले. अर्धे अंग गेले. आता ते लेकीकडे अंथरुणावर असतात. बोलणे जवळजवळ बंद आहे. दुकान विकायचा विषय निघाला की डोळ्यांना धार लागते. आणि दुपार झाली की जावयाचा हात धरून ते एवढेच विचारतात, “कोण बसलंय?”

लाइन दोनदा तपासून घेतली. दोष सापडला नाही. चाकाच्या उष्णतेचा हिशेब जावई अजून मांडतो आहे. तोही लागलेला नाही.

“तुझा यावर विश्वास नाही ना?” बायकोने परवा विचारले. तिला आता सगळे ठाऊक आहे.

“नाही.”

“मग साठलेल्या सगळ्या रजा तिथं जाऊन का घालवतोस?”

त्याला साधे बटणही लावता येत नाही. तो जातो, शटर वर करतो, दिवा लावतो आणि संध्याकाळपर्यंत नुसता बसून राहतो. चावीवाला चहा पाठवतो आणि काही विचारत नाही.

पण नोकरदाराच्या रजा त्या किती असणार?

उरलेल्या दिवशी तो प्रयोगशाळेत असतो. आणि भर दुपारी, सगळे जेवायला गेले की, टेबलावरच्या फोनकडे पाठ करून बसतो.